कायम होईपर्यंत

४ सप्टेंबर

आई,

वाकून नमस्कार. फोन सोडून जावई पत्र का लिहायला लागला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनचा आवाज तुम्ही एवढा मोठा ठेवता की माझं सगळं बोलणं बाहेरच्या खोलीत बसलेल्या तुमच्या लेकीला आयतंच ऐकू जातं. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिलेत आणि आता तुमचाच कान दगा देतो, यावर तुम्हीच हसता, म्हणून मीही हसून घेतो. पत्र बरं, ते तुम्ही एकट्या वाचाल.

नोकरी मिळाली आहे. मिळून दोनेक महिने झाले, पण सांगायचा धीर होत नव्हता. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा मुख्य कोच. मुख्य, आई! इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. पहिल्या कॉलेजात चेंडूत हवा भरायला होतो, दुसऱ्यात पोरांच्या हजेरीला, मग कुठे मदतनीस कोच म्हणू लागले. आमच्या धंद्याची रीत तुम्हाला माहीत आहेच. मुख्य कोच हरला की तो जातो, आणि त्याने ठेवलेली माणसंही त्याच्याबरोबर जातात, कारण नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो. मी दर वेळी दुसऱ्याच्या हरण्यापायी हाकलला गेलो. तुमची लेक दर वेळी तोंडातून अवाक्षर न काढता खोकी बांधत आली. मागच्या खेपेला बांधली ती तुमच्याकडे यायला. म्हणाली, 'आता तुम्ही कायम व्हा, मग बघू.' ते 'मग बघू' धरून मी बसलो आहे.

करार एका वर्षाचा आहे. विभागीय स्पर्धा जिंकली तर कायम, शिवाय कॉलेजच्या आवारात दोन खोल्यांचं घर. नाही जिंकली तर प्राचार्य हात हातात घेऊन आभार मानतील, आणि या वयात मला नवीन कोण घेणार? सध्या जिमच्या मागच्या खोलीत राहतो. पूर्वी तिथे फाटक्या जाळ्या आणि मॅट ठेवत. भिंतीपलीकडे चेंडू आपटायला लागले की माझा चहाचा कप टेबलावर आपोआप चालू लागतो.

संघ तसा यथातथाच. एक मुलगी मात्र अशी आहे की तिच्यासाठी देव पाण्यात घालून बसावं. सगळ्या तिला शिडी म्हणतात. तिला आणायला मी तिच्या घरी गेलो होतो. मुलीला पटवून उपयोग नसतो, आईला पटवावं लागतं, हे आमच्यात कोणीही सांगेल. तिच्या आईसमोर स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. आईने विचारलं, 'हिला काही झालं तर?' मी म्हटलं, 'मी आहे ना.'

आणि खरंच आहे मी. दर सामन्याआधी प्रत्येकीला लाकडी पेटीवरून उडी मारायला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. दोन्ही पाय एकदम टेकले तर पोरगी धड आहे. एक पाय मागे राहिला तर कुठेतरी दुखतंय आणि ती लपवतेय. मुली माझी नक्कल करतात, करू देत.

हे सगळं तुमच्या लेकीच्या कानावर घाला. मी घातलं तर ती 'बरं' म्हणेल आणि फोन ठेवेल.

तुमचा जावई


१९ सप्टेंबर

जावईबापू,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात नव्याने द्यायचे!

पत्र एकटीने वाचलं. म्हणजे वाचत होते तेवढ्यात आमचा भोंगा शाळेतून आला. तुमच्या कन्येचं हे नाव मीच ठेवलं, कारण या घरात तिचंच तेवढं बोलणं मला पहिल्या फटक्यात ऐकू येतं. 'आजी, कोणाचं पत्र?' म्हणून अशी ओरडली की शेजारच्यांनाही प्रश्न पडला असेल. मी वाणसामानाच्या पिशवीखाली घातलं आणि म्हटलं, वीज मंडळाचं.

स्टुलाचं वाचून हसू आलं. माझ्या स्वयंपाकघरातही तुम्ही असेच बसला होतात, गुडघे छातीशी घेऊन, आणि मी विचारलं होतं की चेंडू आपटून संसार होतो का. तेव्हाही तुम्ही 'मी आहे ना' म्हणाला होतात. मला तेव्हा ते खरं वाटलं होतं. अजून वाटतं, नाहीतर उत्तर लिहायला बसले नसते.

लेकीला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'आता दिसतं का, आता?' असं विचारून दमून येते, त्यामुळे तिच्याशी बोलायची वेळ गाठावी लागते. शांतपणे ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर आपणहून म्हणाली, 'त्यांना कळव, त्या मागच्या खोलीत ओल असणार, छाती सांभाळा म्हणावं.' मी काही विचारलं नव्हतं हं. तुम्हाला सर्दी झाली की महिना महिना खोकता, हे ती विसरलेली नाही.

तेव्हा जिंका. आणि पोरींवर ओरडू नका, तुमचा ओरडण्याचा आवाज फार वाईट आहे.

तुमची सासू


२६ नोव्हेंबर

आई,

उशीर झाला, रागावू नका. सुरुवातीचे सामने आम्ही असे हरलो की प्राचार्य जिन्यात मला बघून दुसऱ्या बाजूने उतरू लागले. मी ओरडलो. तुम्ही सांगूनही ओरडलो. मग एके दिवशी शिडीच म्हणाली, 'सर, तुम्ही ओरडता तेव्हा आम्हाला चेंडू दिसत नाही, तुम्हीच दिसता.' त्या दिवसापासून तोंडावर रुमाल धरून बसतो, आणि आम्ही जिंकू लागलो. येत्या शनिवारी विभागाचा अंतिम सामना आहे.

तुमचं ते पत्र मी ट्रॅकसूटच्या खिशात ठेवून फिरतो. ओलीचं. तिने ते आपणहून म्हटलं, हे मी किती वेळा वाचलं सांगत नाही, हसाल. छाती सांभाळतोय म्हणावं. दुकानातून जाडजूड बनियन आणलं.

आता एक विचारतो, आणि आई, हात जोडून विचारतो, खरं सांगा. मी कायम झालो तर ती येईल का? मला धीर द्यायला म्हणून 'हो' म्हणू नका. एक निर्णय माझ्यापुढे अडून बसला आहे. कसला ते विचारू नका, खेळातलं आहे, तुम्हाला लिहून कळणार नाही. ती येणार नसेल तर तो निर्णय मी एका क्षणात घेईन. सामना गेला तर गेला, पिशवी भरून निघेन, मला आता सवय आहे. पण ती येणार असेल तर मला जिंकायलाच हवं. मग माझ्याकडे दुसरा रस्ताच राहत नाही.

झोप लागत नाही. डबा अर्धा तसाच परत जातो. पोरी म्हणतात सर बारीक झाले. शनिवारच्या आत तुमचं उत्तर यायला हवं, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतो.

तुमचा जावई


२८ नोव्हेंबर

जावईबापू,

कुरिअरवाला थांबला आहे म्हणून घाईत लिहिते.

येईल. तिने माळ्यावरची मोठी भांडी खाली काढली आहेत. दुकानातून रिकामी खोकी आणली, भोंग्याची पुस्तकं वेगळी करून ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, 'त्यांचं कायमचं झालं की जाऊच, इथे किती दिवस राहायचं?' असं म्हणाली. आता मन घट्ट करा, जेवा, आणि तो सामना जिंका.

तुमची सासू


९ डिसेंबर

आई,

जिंकलो. वर्तमानपत्रात बातमी आली आहे, कात्रण पाठवत नाही.

आता जे लिहितो ते शेवटपर्यंत वाचा. मी तुम्हाला ज्या निर्णयाचं लिहिलं होतं, तो शिडीच्या गुडघ्याचा होता. अंतिम सामन्याच्या आधीच्या आठवड्यात सराव संपल्यावर तिने पेटीवरून उडी मारली आणि डावा पाय मागून टेकला. अगदी जरासा. दुसऱ्या कोणाला ऐकू आलं नसतं. मी डोळे उघडले तर ती म्हणाली, 'सर, बूट सैल होता.' बूट सैल नव्हता. अशा मुलीला डॉक्टरकडे न्यायचं असतं आणि बाकावर बसवायचं असतं, हे मी तिच्याच वयाच्या असंख्य पोरांना शिकवत आलोय. मी ठरवलं होतं की बसवायची. मग वाटलं, आधी तुम्हाला विचारून घ्यावं.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी मी पेटी बाहेर काढलीच नाही. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. सर गडबडले, असं त्यांना वाटलं असेल. मी गडबडलो नव्हतो. मला ऐकायचं नव्हतं.

सामना संपत आला होता. आम्ही थोडे मागे होतो. बोर्डावर आदळून परत आलेला चेंडू घ्यायला ती उडाली, सगळ्यांच्या डोक्यावरून घेतला आणि खाली आली. आई, ती जी ओरडली, तो आवाज मी कुठेही नोकरी केली तरी ऐकत राहणार. तिला उचलून नेलं आणि बाकीच्या चौघी रडत रडत अशा चवताळून खेळल्या की आम्ही जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी खाली उतरवा म्हणत होतो आणि त्यांना वाटत होतं, सर लाजताहेत.

गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं आहे. शस्त्रक्रिया झाली. चालेल म्हणतात, खेळण्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये तिच्या आईने मला विचारलं, 'हिचं आधीपासून दुखत होतं का हो?' मी म्हटलं, 'खेळात होतं असं.'

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतोय.

कायमचं पत्र प्राचार्यांच्या टेबलावर आहे, सही करायला बोलावलंय. घराची किल्ली मात्र त्यांनी आधीच हातात दिली. बघून आलो. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, पुढची खोली भोंग्याच्या अभ्यासाला होईल. तुम्ही सगळ्या या. लवकर या. मला आता इथे एकट्याला राहवत नाही. तुम्ही आलात तर निदान हे सगळं कशासाठी केलं ते मला घरात फिरताना दिसेल.

तुमचा जावई


१५ डिसेंबर

जावईबापू,

कुठून सुरुवात करू कळत नाही. सरळच लिहिते.

ती येणार नाही. खोकी आणली होती हे खरं, भांडी काढली होती हेही खरं. तिला दुकानाची नवी शाखा सांभाळायला दिली आहे आणि त्या शाखेजवळच तिने भाड्याने जागा बघितली आहे. पहिल्या तारखेला ती आणि भोंगा तिकडे जाताहेत. मला हे तुमचं ते कुरिअरचं पत्र यायच्या आधीच माहीत होतं. 'त्यांचं कायमचं झालं की जाऊच' हे ती म्हणाली नाही. ते मी लिहिलं. ओलीचंही मीच लिहिलं. तुम्हाला सर्दी झाली की महिनाभर खोकता, हे माझ्याच लक्षात आहे.

तुम्ही खरं सांगा म्हणून हात जोडलेत आणि मी खोटं लिहिलं, आणि त्या वेळी मला आपण काही चांगलं करतोय असंच वाटत होतं. दोघांना जरा जवळ ढकललं की पुढचं जमेल, अशी मी एक्स्चेंजमधली बाई, दोन टोकं दिसली की जोडायची खोड. त्यात माझा स्वार्थही होता. ती तुमच्याकडे आली असती तर मीही तिच्याबरोबर आले असते. लेक भाड्याच्या जागेत एकटी गेली की या घरात मला कोणाचाच आवाज येणार नाही, भोंग्याचासुद्धा नाही. तो विचार मला सहन होईना.

पण मलाही तुमच्यावर संतापायचं आहे, आणि मी संतापणार आहे. गुडघ्याचं का नाही लिहिलंत? 'तुम्हाला लिहून कळणार नाही' म्हणे! एका पोरीचा पाय माझ्या उत्तरावर टांगून ठेवलात आणि मला सांगितलंसुद्धा नाही? मला माहीत असतं तर मी एक अक्षर खोटं लिहिलं नसतं. दोन ओळी जास्त लिहिल्या असत्यात तर ती पोर आज धड चालत असती. रागाच्या भरात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर कोणाकडून तरी वाचून घ्या. नको, कोणाकडून घेऊ नका.

लेकीला मी सगळं सांगितलं. तुमची पत्रं तिच्यापुढे ठेवली. तिने ती उभ्याउभ्याच वाचली. माझ्यावर चिडेल वाटलं होतं, चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, 'त्यांनी हे तुला विचारलं. मला का नाही विचारलं?' मग आत जाऊन भोंग्याच्या शाळेच्या डब्याचं बघत बसली. याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. तुम्हाला सुचलं तर तिला कळवा, मला नको.

त्या मुलीच्या आईला सांगायचं असेल तर माझं नाव सांगा. म्हातारीने फसवलं म्हणा. माझं आता काय बिघडणार आहे?

तुमची सासू


४ जानेवारी

आई,

तुमचं पत्र आल्यावर मी फार वाईट बोललो. खोलीत एकटाच होतो, म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही. दोन आठवडे उत्तर लिहायला घेत होतो आणि फाडत होतो. तुम्ही खोटं लिहिलंत हे खरं आहे. पण पेटी कुठे ठेवलेली असते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. ती बाहेर काढायची की नाही हे मीच ठरवलं. तुमचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.

तुमच्या लेकीला वेगळं पत्र टाकलं आहे. तिने जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही. तसंच लिहिलं. भीती वाटत होती, हेही लिहिलं. तिचं काही आलेलं नाही, आणि तुम्ही तिला विचारू नका.

घराची किल्ली परत केली. प्राचार्यांनी सहीला कायमचं पत्र पुढे केलं, त्याच बैठकीत म्हणाले की शिडी आता खेळणार नाही, तेव्हा खेळाडू म्हणून तिला दिलेली हॉस्टेलची जागा आणि फीची सवलत पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल, तुम्ही नवी उंच मुलगी शोधा. मी म्हटलं, तिची जागा शिक्षण संपेपर्यंत तिलाच ठेवा, मला कायम करू नका. ते आधी हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मग तसा कागद करून दिला. माझा परत एका वर्षाचा करार झाला. यात मोठेपणा नाही, आई, कृपा करून तसं समजू नका. त्या घरात मी एकटा काय करणार होतो? ज्या खोल्या तिच्या गुडघ्यावर मिळाल्या त्यांत मला पाऊल टाकवेना.

काल तिच्या घरी गेलो. आधीही जात होतो, पण फळं ठेवून दारातूनच परत येत होतो. काल आत गेलो. ती पुढच्या खोलीत पलंगावर होती, पाय उशीवर. तिची आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून शिडी म्हणाली, 'सर, मी व्हिडिओ परत परत बघितला. मी चुकीची उतरले ना? गुडघा आत गेला. तुम्ही किती वेळा सांगितलं होतं.'

मी म्हटलं, 'तू बरोबर उतरलीस. तुझा पाय आधीच दुखावलेला होता, आणि मला ते आदल्या आठवड्यातच कळलं होतं. मला जिंकायचं होतं म्हणून मी तुला खेळवलं.' तिच्या आईकडे वळून म्हटलं, 'तुम्ही पॅसेजमध्ये विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.'

 तिची आई हातातला टॉवेल तसाच धरून खुर्चीत बसली. मला वाटलं, आता ती मला हाकलेल, आणि हाकललं असतं तर मी सुटलो असतो.

पण बोलली ती शिडी, आणि माझ्याशी नाही, आईशी. म्हणाली, 'आई, मलाही दुखत होतं गं. जिना चढताना कळ यायची. मी सरांना सांगणार होते. पण सामन्याच्या दिवशी सरांनी पहिल्या पाच जणींत माझं नाव वाचलं, तेव्हा मला वाटलं, सरांना सगळं कळतं, त्यांनी घेतलं म्हणजे एवढं काही नसणार. त्यांच्यावर नको ना चिडूस.'

आई, ती माझी बाजू घेत होती.

जावई